इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक गिटारींची तुलना कशी करावी

ताणलेली पोलादी तार नुसतीच छेडली, तर तिचा आवाज जेमतेम हातभर अंतरावर ऐकू येतो. तार इतकी बारीक असते की ती हलताना हवा तिच्या दोन्ही बाजूंनी सहज निसटून जाते आणि कानापर्यंत पोहोचेल एवढा दाब निर्माणच होत नाही. गिटारची सगळी रचना या एका अडचणीवरचा उपाय आहे. अकूस्टिक गिटार तारेचे कंपन एका पातळ लाकडी फळीला देते आणि ती फळी हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटार तेच कंपन विजेच्या क्षीण प्रवाहात बदलते आणि हवा हलवण्याचे काम वेगळ्या ठेवलेल्या स्पीकरवर सोपवते. दोन्ही वाद्यांना सहाच तारा असतात, त्या एकाच स्वरांत लावल्या जातात आणि बोटे ठेवण्याच्या जागाही त्याच असतात. तरीही खोडाची जाडी, तारांचा ताण, मानेची रुंदी, वजन, निगा आणि खर्च यांत जे फरक दिसतात, ते जवळजवळ सगळे याच ठिकाणाहून फुटतात. त्यामुळे दोन गिटारींची तुलना करताना रंगरूप किंवा नाव बाजूला ठेवून तारेचे कंपन बोटापासून कानापर्यंत कोणत्या वाटेने जाते याचा माग काढावा. तो एकदा नीट समजला की बाकीचे गुणदोष लक्षात ठेवावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडत जातात.

अकूस्टिक गिटार: फळीची वाट

अकूस्टिक गिटारमध्ये तारा सॅडल नावाच्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवरून जातात, सॅडल ब्रिजमध्ये बसवलेली असते आणि ब्रिज पुढच्या फळीवर सरसाने चिकटवलेला असतो. तार हलली की ब्रिज किंचित डोलतो आणि त्याच्यासोबत सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची फळी मागेपुढे होऊ लागते. ही फळी जितकी पातळ आणि हलकी, तितकी ती मोकळेपणाने हलते. पण ती फार पातळ केली तर तारांच्या ओढीने वाकते. या पेचावर तोड म्हणून फळीच्या आतल्या बाजूस लाकडी पट्ट्या लावतात, ज्यांना ब्रेसिंग म्हणतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये या पट्ट्या साधारणपणे ‘एक्स’च्या आकारात असतात, तर नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये त्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी पंख्याची ही रचना आणि सुमारे 650 मिलिमीटर लांबीची तार यांचा जो मेळ बसवला, तोच आजच्या क्लासिकल गिटारचा पाया आहे.

खोडातली हवाही स्वतंत्रपणे बोलते. मोठ्या खोडाच्या गिटारमध्ये या हवेचे स्वतःचे कंपन साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे सहाव्या तारेच्या 82 आणि पाचव्या तारेच्या 110 हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी. खर्जातल्या स्वरांना जी ऊब मिळते, ती बरीचशी येथून येते. ड्रेडनॉट या मोठ्या, रुंद कमरेच्या आकारात खर्ज भरदार असतो आणि सहाही तारांवर पिक (तारा छेडण्याची छोटी पट्टी) फिरवून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजवणाऱ्यास तो मानवतो. खोड लहान असले तर खर्ज कमी होतो, मात्र सर्व तारांचा आवाज अधिक समतोल लागतो आणि बोटांनी एकेक तार छेडणाऱ्यास प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येतो. मोठ्या खोडावरून उजवा हात वळवताना खांदा उचलला जात असेल, तर आवाज कितीही आवडला तरी ती गिटार तासभर मांडीवर राहणार नाही, हेही बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

फळी हेच या वाद्याचे हृदय असल्यामुळे पहिली पाहणी तिचीच करावी. फळी अखंड लाकडाची आहे की पातळ थर चिकटवून केलेली प्लायची आहे, हे आवाजाच्या गोल भोकाच्या कडेवरून ओळखता येते. फळीच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली जाडीतही तशाच उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला आडवे थर दिसत असतील तर ती प्लाय आहे. काही गिटारींत ही कड रंगाने किंवा पट्टीने झाकलेली असते, तेव्हा उत्पादकाने दिलेले वर्णन वाचावे. अखंड स्प्रूसची फळी स्पष्ट, दूरवर पोहोचणारा आवाज देते आणि जोरात वाजवले तरी तो फाटत नाही. सिडारची फळी हलक्या स्पर्शालाही चटकन प्रतिसाद देते, पण तिची वरची मर्यादा लवकर येते. मागच्या आणि बाजूच्या लाकडाविषयी विक्रेते पुष्कळ बोलतात. त्याचा परिणाम असतो, मात्र तो फळी आणि ब्रेसिंगच्या मानाने कमी असतो. पैसे मोजकेच असतील तर ते अखंड फळीवर खर्च करावेत आणि मागच्या बाजूस प्लाय असल्याची खंत करू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट तुलनेच्या वेळी हमखास राहून जाते. अकूस्टिक गिटार आपला आवाज समोर फेकते, वाजवणाऱ्याच्या दिशेने फारसा नाही. म्हणून आवडलेली गिटार दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावी, आपण दोन-तीन मीटर समोर उभे राहावे आणि मग ऐकावे. अनेकदा मांडीवर दबलेली वाटलेली गिटार समोरून खुललेली ऐकू येते.

इलेक्ट्रिक गिटार: चुंबकाची वाट

अकूस्टिक गिटारच्या आवाजाला मर्यादा असल्यामुळे इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली. 1930च्या दशकात मोठ्या वाद्यवृंदांत, ट्रम्पेट आणि ड्रमच्या गजरात गिटार ऐकूच येत नसे. 1932च्या सुमारास पुढे रिकनबॅकर म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेवरची चुंबकीय पिकअप (तारेचे कंपन विजेच्या प्रवाहात बदलणारा भाग) असलेली गिटार बाजारात आणली आणि 1936मध्ये गिब्सनची ईएस-150 आली. या दुसऱ्या गिटारचे खोड मात्र पोकळ होते. स्पीकरचा आवाज वाढवला की तो पोकळ खोडाला पुन्हा हलवू लागे, ते कंपन पिकअपमधून परत स्पीकरकडे जाई आणि बघता बघता नुसती शीळ घुमू लागे. खोडच भरीव केले तर ते हलणार नाही, या विचारातून 1950मध्ये फेंडरची भरीव खोडाची गिटार विक्रीस आली, जी पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. 1952मध्ये गिब्सनची ले पॉल आणि 1954मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी या तीन नमुन्यांच्याच वंशातल्या आहेत.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांची गुंडाळी. वरून जाणारी पोलादी तार त्या चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेढ्यांत तिच्याच वारंवारतेचा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. यावरून दोन गोष्टी लगेच निघतात. नायलॉनच्या तारा इलेक्ट्रिक गिटारवर चालत नाहीत, कारण चुंबकाला त्या जाणवतच नाहीत. आणि अकूस्टिकसाठी असलेल्या ब्राँझ वेढ्यांच्या तारा बसवल्या तर खर्जाच्या तारा दुबळ्या आणि वरच्या तारा प्रबळ ऐकू येतात, कारण ब्राँझवर चुंबकाचा परिणाम होत नाही आणि आतला बारीक पोलादी गाभाच काय तो काम करतो.

पिकअपचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाच गुंडाळीच्या सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, धारदार आणि काहीसा काचेसारखा असतो. पण घरातल्या विजेच्या तारांची 50 किंवा 60 हर्ट्झची घरघरही तो पकडतो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी 1955मध्ये तयार केलेल्या हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या असतात, त्यांचे चुंबक आणि वेढ्यांची दिशा एकमेकांच्या उलट ठेवलेली असते. बाहेरून आलेली घरघर दोन्ही गुंडाळ्यांत उलटसुलट उमटून एकमेकींना खोडून काढते, तर तारेचा आवाज मात्र दोन्हींत सारखाच उमटून दुणावतो. हंबकरचा आवाज जाड आणि गोल असतो, त्यातली वरची धार थोडी कमी असते.

पिकअप कुठे बसवला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तार जेव्हा हलते, तेव्हा ब्रिजजवळ तिची हालचाल अगदी थोडी आणि मध्याकडे जास्त असते. ब्रिजजवळच्या पिकअपला मूळ स्वर कमी आणि त्यावरचे बारीक उपस्वर तुलनेने जास्त मिळतात, त्यामुळे आवाज टोकदार येतो. मानेजवळचा पिकअप बऱ्याच गिटारींत ब्रिजपासून तारेच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर असतो. मोकळ्या तारेत त्या बिंदूवर मूळ स्वराच्या चौपट वारंवारतेचा उपस्वर स्थिर असतो, म्हणून तो ऐकूच येत नाही आणि आवाज मऊ, भरीव होतो. हे पडताळण्यासाठी एकच मोकळी तार एकाच जोराने छेडत राहावी आणि निवडीचा स्विच एकेका जागी सरकवत जावा. अकूस्टिक गिटारमध्ये असा फरक हवा असेल तर छेडण्याचा हात सरकवावा लागतो. ब्रिजजवळ छेडले तर आवाज खडा येतो, भोकावर छेडले तर मऊ येतो, आणि वाजवणाऱ्याच्या कौशल्याचा मोठा भाग या सरकण्यातच असतो.

ॲम्प्लिफायर हे निम्मे वाद्य

इलेक्ट्रिक गिटार एकटी पाहून तुलना पूर्ण होत नाही, कारण तिच्या आवाजाचा निम्मा भाग ॲम्प्लिफायरमध्ये घडतो. गिटारसाठी बनवलेला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे देत नाही आणि मधले स्वर मुद्दाम पुढे आणतो. हीच गिटार गाणी ऐकण्याच्या चांगल्या स्पीकरला थेट जोडली तर आवाज कोरडा आणि कानाला टोचणारा येतो. उलट अकूस्टिकला पिकअप लावून ती इलेक्ट्रिकच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवली तर तिच्या आवाजातली झळाळी हरवते. दोन्हींची यंत्रे वेगळी असतात आणि एकाच यंत्रावर दोन्ही भागवण्याची अपेक्षा ठेवू नये.

ॲम्प्लिफायरची ताकद वॅटमध्ये सांगतात, मात्र कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी वॅट जवळजवळ दहापट लागतात. घरातल्या सरावाला दहा-पंधरा वॅट पुरून उरतात, आणि शंभर वॅटचे यंत्र त्याच्या दहापट मोठे ऐकू येत नाही. ताकदीपेक्षा कमी आवाजातही यंत्र चांगले वाजते का आणि हेडफोनची सोय आहे का, हे पाहावे. हेडफोनमुळे रात्री कोणाची झोप न मोडता सराव करता येतो, ही इलेक्ट्रिक गिटारची एक मोठी जमेची बाजू आहे. अकूस्टिकचा आवाज हलक्या हाताने कमी करता येतो, पण बंद करता येत नाही. दुसरीकडे, अकूस्टिक खोक्यातून काढली की ती लगेच वाजू लागते. तिला वीज, केबल किंवा यंत्राची वाट पाहावी लागत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटेच मिळणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

स्वर किती वेळ टिकतो

छेडलेल्या तारेत ऊर्जेचा साठा ठरावीक असतो. अकूस्टिकमध्ये तो फळीकडे झपाट्याने जातो, त्यामुळे स्वर खणखणीत उमटतो आणि लवकर विरतो. भरीव खोडाच्या गिटारमध्ये ब्रिज जवळपास हलत नाही, पिकअप तारेकडून ऊर्जा फारच थोडी घेतो, त्यामुळे स्वर बराच काळ टिकून राहतो. कोणत्या वाद्यावर काय शोभते याचा उलगडा यातून होतो. अकूस्टिकवर ताल धरून कॉर्ड वाजवले की प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो आणि गाणाऱ्याला नुसत्या एका वाद्याची साथही पुरते. इलेक्ट्रिकवर एकच स्वर लांबवता येतो, तार आडवी ओढून तो मींडेसारखा चढवता येतो, आणि तो चढत असतानाही विझत नाही.

ॲम्प्लिफायरला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि डिस्टॉर्शन तयार होते. त्यात मूळ स्वरांसोबत त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्याने त्यांची वजाबाकी षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्जच देते आणि आवाज भक्कम होतो. त्यात गंधार मिसळला की वजाबाकीतून परके स्वर निघतात आणि सगळे गढूळ होते. म्हणूनच रॉक संगीतात षड्ज-पंचमाचे दोनच स्वर घेऊन पॉवर कॉर्ड वाजवतात. सहा तारांचे भरघोस कॉर्ड अकूस्टिकवर किंवा इलेक्ट्रिकच्या स्वच्छ आवाजावरच खुलतात. तुम्हाला जे संगीत वाजवायचे आहे ते यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे आधी ऐकून ठरवावे.

बोटाखाली काय जाणवते

अकूस्टिकला फळी हलवायची असल्याने तारा जाड आणि ताण जास्त लागतो. सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची असलेल्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सुमारे 70 ते 75 किलो भरतो, इलेक्ट्रिकच्या 0.010 इंचाच्या संचाचा ताण 45 ते 47 किलोच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारांचा ताण 40 किलोच्या आसपास असतो. क्लासिकल गिटारची बांधणी याच कमी ताणासाठी केलेली असते, तेव्हा तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. ब्रिज उखडतो किंवा फळी फुगते.

ताणाच्या जोडीला तारेची उंचीही पाहावी. बाराव्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात), फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत बारीक खुणांची पट्टी धरून मोजावे. जाड सहाव्या तारेखाली इलेक्ट्रिकमध्ये दोन मिलिमीटरच्या आसपास, पोलादी तारांच्या अकूस्टिकमध्ये अडीचच्या आसपास आणि क्लासिकलमध्ये चारच्या आसपास अंतर असावे. पहिल्या तारेखाली ते थोडे कमी असते. नवशिक्यांच्या हातात येणाऱ्या अनेक अकूस्टिक गिटारींत हे अंतर साडेतीन मिलिमीटरच्याही वर असते आणि बिचारा शिकणारा आपलीच बोटे कमकुवत आहेत असे समजून वाद्य सोडून देतो. ते मोजून दुरुस्त करून घ्यावे. नटवरच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावरच्या, खाचा पुरेशा खोल आहेत का, हे पाहण्यासाठी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली केसभर फट उरते का ते बघावे. फट मोठी असेल तर सुरुवातीचे कॉर्ड विनाकारण जड जातील. मानेचा बाक तपासायचा असेल तर सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पाहावी. ती साधारण सर्वांत बारीक तारेच्या जाडीएवढी असावी.

नटजवळ मानेची रुंदी इलेक्ट्रिकमध्ये 42 ते 43 मिलिमीटर, पोलादी अकूस्टिकमध्ये 43 ते 44.5 आणि क्लासिकलमध्ये 52 मिलिमीटरच्या आसपास असते. जाड बोटांच्या माणसाला अरुंद मानेवर शेजारची तार चुकून दबण्याचा त्रास होतो, लहान पंजाच्या माणसाला रुंद मानेवर बोटे पोहोचत नाहीत. तारेची कंपणारी लांबीही हाताला जाणवते: फेंडरच्या गिटारींत ती 648, गिब्सनच्या अनेक गिटारींत सुमारे 628 मिलिमीटर असते. स्वर आणि तार तीच असताना लांबी कमी झाली की ताणही कमी होतो, म्हणून दुसऱ्या प्रकारात तार अधिक लवचीक लागते आणि फ्रेटही किंचित जवळ येतात.

तार ओढून स्वर चढवण्याच्या बाबतीत इलेक्ट्रिकची बरोबरी होत नाही. तिची तिसरी तार साधी, वेढ्याविना असते, तर अकूस्टिकची तिसरी तार बहुधा वेढ्याची असते आणि ती पूर्ण स्वरभर चढवणे बोटाला फार जड जाते. वरच्या फ्रेटवर पोहोचण्याचेही तसेच आहे. अकूस्टिकची मान चौदाव्या आणि क्लासिकलची बाराव्या फ्रेटवर खोडाला मिळते. इलेक्ट्रिकच्या खोडाला काप दिलेले असल्याने 21 किंवा 22 फ्रेटपर्यंत हात सहज जातो.

पहिली गिटार अकूस्टिकच असावी, म्हणजे बोटे कणखर होतात, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. बोटांना घट्टे पडण्यास कोणत्याही गिटारवर काही आठवड्यांचा नियमित सराव पुरतो, आणि ज्याला इलेक्ट्रिकचे संगीत आवडते त्याला दोन वर्षे वेगळ्या वाद्यावर थांबवून ठेवण्यात काही फायदा नाही. हे मात्र खरे की इलेक्ट्रिकवर हलका दाब चालतो आणि न वाजणाऱ्या तारा तळहाताने दाबून गप्प ठेवाव्या लागतात. अकूस्टिकवर दाब जास्त लागतो, पण शेजारच्या तारांचा हलका गुंजारव खपून जातो. एकावरून दुसरीवर जाताना ही सवय पुन्हा लावावी लागते. लहान मुले आणि ज्यांच्या बोटांचे सांधे दुखतात अशा व्यक्तींसाठी नायलॉनच्या तारांची क्लासिकल किंवा बारीक तारांची इलेक्ट्रिक गिटार बरी.

इलेक्ट्रो-अकूस्टिक

हिच्या नावामुळे गैरसमज होतो. ही मुळात अकूस्टिक गिटारच असते. सॅडलखाली बसवलेली पिएझो पट्टी दाबाचे रूपांतर विद्युत्संकेतात करते आणि बहुधा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र तो संकेत बाहेर पाठवते. मंचावर आवाज मोठा करण्यासाठी ती उत्तम आहे, पण तिच्यातून इलेक्ट्रिक गिटारचा आवाज निघत नाही आणि तारांचा ताणही अकूस्टिकचाच राहतो. घरीच वाजवणार असाल तर पिकअपसाठी जाणारे पैसे चांगल्या फळीकडे वळवावेत.

निगा आणि पुढचे बदल

अकूस्टिकची पातळ फळी हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आकसते आणि फुगते. हवा फार कोरडी झाली की फळी खचते, तारा खाली येऊन खरखरतात आणि शेवटी तडा जातो. ओलावा वाढला की फळी फुगते आणि तारांची उंची वाढते. 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता तिला मानवते, म्हणून ती भिंतीवर किंवा खिडकीजवळ न टांगता खोक्यात ठेवावी. भरीव खोडाची गिटार याबाबत पुष्कळच सोशीक असते, मात्र तिची मानही लाकडाचीच असल्याने बाक बदलतो. तिच्या वाट्याला वेगळी निगा येते: केबलचे जोड सैल होतात, आवाजाच्या बटणांत धूळ जाऊन करकर येते. शिवाय ती वजनाने जड असते. अकूस्टिक साधारण दोन किलोची, तर इलेक्ट्रिक तीन ते चार किलोची आणि कधी त्याहूनही जड असते. उभे राहून वाजवायचे असेल तर रुंद पट्टा घ्यावा.

इलेक्ट्रिकच्या ब्रिजवर प्रत्येक तारेची सॅडल स्वतंत्रपणे पुढेमागे करता येते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागी हलका स्पर्श करून काढलेल्या उपस्वराशी जुळवून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यावी. अकूस्टिकमध्ये ही सोय नसते, तेव्हा हीच परीक्षा गिटार घेण्यापूर्वीच करावी, कारण तिथला दोष दूर करण्यासाठी कारागिराकडे जावे लागते. पिकअप, खुंट्या, स्विच, ब्रिज हे सगळे इलेक्ट्रिकमध्ये नंतर बदलता येते. अकूस्टिकची फळी आणि ब्रेसिंग मात्र पहिल्या दिवशी जशी असेल तशीच राहते. पैशांची वाटणी यावरून करावी: अकूस्टिकमध्ये जवळजवळ सगळे पैसे वाद्यावरच खर्च करावेत, इलेक्ट्रिकमध्ये मान, फ्रेट आणि खुंट्या चांगल्या असलेली साधी गिटार घेऊन उरलेल्यांतला मोठा वाटा ॲम्प्लिफायरसाठी ठेवावा. तरंगता ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने झुलवून सगळ्या तारांचा स्वर वरखाली करता येणारा ब्रिज) पहिल्या गिटारवर नसलेला बरा. त्यात एका तारेचा ताण बदलला की बाकी पाचही तारा उतरतात किंवा चढतात, आणि नवशिक्याचा अर्धा वेळ स्वर जुळवण्यातच जातो.

प्रत्यक्ष हाती घेऊन तुलना

दोन गिटारी समोर असतील तेव्हा आधी दोन्ही नीट स्वरांत लावाव्यात. बेसूर असलेली महागडी गिटारही वाईट वाटते. दोन्हींवर एकच छोटा तुकडा वाजवावा, त्यात एक मोकळा कॉर्ड, एक आडव्या बोटाचा बार कॉर्ड आणि पहिल्या तारेवरची चार-सहा स्वरांची ओळ असावी. स्वतःला वाजवता येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्यावे. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून कुठे स्वर मरतो किंवा खरखरतो ते ऐकावे. इलेक्ट्रिकमध्ये केबल न लावता ऐकू येणारी किंचित खरखर ॲम्प्लिफायरमधून उमटत नसेल तर चालते. अकूस्टिकमध्ये ती थेट ऐकू येते, म्हणून चालत नाही. इलेक्ट्रिक आधी यंत्राविना वाजवावी, म्हणजे खुंट्या आणि मानेचे दोष आवाजाच्या झगमगाटात लपत नाहीत. त्यानंतर ती स्वच्छ आवाजावर आणि शेवटी डिस्टॉर्शनवर वाजवावी, कारण डिस्टॉर्शन वाजवणाऱ्याच्या आणि वाद्याच्या पुष्कळ चुका झाकते. यंत्र शक्यतो तेच वापरावे जे आपण घेणार आहोत.

गिटार घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ती त्या घरातल्या हवेला सरावते. या काळात तारांची उंची आणि मानेचा बाक दर आठवड्याला मोजून लिहून ठेवावा आणि आकडे स्थिरावल्यावरच कारागिराकडून सेटअप, म्हणजे या सगळ्या मापांची जुळणी, करून घ्यावा. त्याच वेळी जुन्या तारा काढून आपल्याला मानवणाऱ्या जाडीचा नवा संच चढवावा, कारण तारेची जाडी बदलली की ताण बदलतो, मानेचा बाक बदलतो आणि सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात.